कानफाटीचे फोटो आणि तीन पायांचा घोडा

मी एक जुना लाकडी ट्रायपॉड आहे, मित्रांनो. दुकानात मला स्टँड म्हणत. पण ज्या घरात मी राहतो तिथली आई मला घोडा म्हणायची. "तुमचा घोडा दारातून काढा, कुणाला तरी ठेच लागेल," असं ती येता-जाता सांगायची आणि तेच नाव मला चिकटलं. घोड्याला चार पाय असतात आणि मला तीन, पण घरच्या माणसांना असल्या बारीकसारीक गोष्टींशी देणंघेणं नसतं.

एक आधीच सांगून ठेवतो. माझी हकिकत ऐकून तुम्हाला काही वाटलं तर वाटू दे. मला फारसं काही वाटत नाही. मी चिवट लाकडाचा आहे आणि न हलणं हेच माझं काम. माझ्यावर ठेवलेल्या वस्तूचा भार कळतो आणि मला धरणाऱ्या हाताची थरथर कळते. बाकी सगळं मी नुसतं पाहिलं.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. माझे तिन्ही पाय एकाच ओंडक्यातून निघाले. सुताराने ते रंध्याने गुळगुळीत केले, सांध्यांना पितळी बिजागऱ्या लावल्या आणि टोकांना लोखंडी अणकुच्या ठोकल्या, म्हणजे मातीत पाय रोवून उभं राहता यावं. तिथून मी जमीन मोजणाऱ्यांकडे गेलो. माझ्या डोक्यावर दुर्बीण ठेवून ते एक डोळा मिटायचे आणि लांब उभ्या असलेल्या माणसाला हात हलवून डावीकडे, उजवीकडे सरकवायचे. मी उभा राहिलो की दोन शेजाऱ्यांत भांडण सुरू व्हायचं आणि मी निघून गेलो की ते वाढायचं. पुढे हलक्या धातूचे ट्रायपॉड आले. मग मला कुणी उचललं नाही. जुन्या सामानाच्या दुकानात, बूड फाटलेल्या खुर्च्यांच्या खाली मी बरीच वर्षं आडवा पडून होतो.

तिथे मला धाकट्याने शोधून काढलं.

धाकटा म्हणजे या घरातला लहान मुलगा. दाढीत पांढरे केस आले तरी तो धाकटाच राहिला. तो बिघडलेल्या लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर उंच इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या खड्ड्यात उतरून तारा आणि चाकं तपासायचा. दुकानदार त्याला म्हणाला, "नुसते पाय आहेत हो, वर डोकं नाही."

"असू दे. डोकं मी बसवतो," धाकटा म्हणाला. "आमच्या घरात उलटं आहे. डोकी भरपूर आहेत, पाय कुणाचेच धड नाहीत."

यात थोडं खरं होतं. आईचे गुडघे गेले होते. ती पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी खुर्चीत बसून असायची. मागच्या दाराला पायऱ्या होत्या, म्हणून मागची बाग तिने कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. धाकट्याची मोठी बहीण, जिला सगळे ताई म्हणत, अँब्युलन्स चालवायची. गाडी चालवून चालवून तिची कंबर धरायची. अशी तिघं त्या घरात राहत होती. बागेच्या टोकाला बुटकी दगडी भिंत होती आणि भिंतीपलीकडे दाट झाडी.

त्या झाडीत खारी होत्या.

धाकट्याने माझ्यावर एक लोखंडी चकती बसवून घेतली, तिच्यावर कॅमेरा आवळला आणि रोज कामावर जाण्याआधी तो मला खांद्यावर टाकून मागच्या दाराने बाहेर पडू लागला. तो माझे पाय इतके फाकवायचा की माझं पोट जवळजवळ गवताला टेकायचं. "खारीचा फोटो खारीच्या उंचीवरून काढायचा," असं तो म्हणायचा. "वरून काढला तर ती उंदीर दिसते." मग तो पालथा पडायचा. कोपरं ओली व्हायची. मुंग्या चावायच्या. खार यायचीच असं नाही. आली तरी थांबायचीच असंही नाही. पानांत खुसखुस व्हायची, शेपटीचा झुपका दिसायचा, बोट दाबेपर्यंत जागा रिकामी. तो कधी तिच्यासाठी खायला टाकायचा नाही. "बोलावून आणलेल्याचे फोटो लग्नात काढतात," म्हणायचा.

एका खारीचा डावा कान फाटलेला होता. तिला त्याने कानफाटी नाव दिलं.

"अरे, काय हे नाव!" आई म्हणाली होती.

"आता पडलं ते पडलं. एकदा नाव कानफाटी पडलं की काय करणार?"

संध्याकाळी तो आईच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसून कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो दाखवायचा. आई चष्मा कपाळावरून नाकावर ओढायची. कानफाटीने आज बी कुठे पुरलं, दुसऱ्या खारीला फसवायला खोटाच खड्डा कसा केला, बोक्याला शेपटी झटकून शिव्या कशा घातल्या, हे सगळं ती मन लावून ऐकायची. बोका शेजारच्या काकांचा होता, पिवळा आणि आडमुठा. "मेल्याला घरात खायला मिळत नाही का?" असं आई रोज विचारायची. ताई ड्युटीवरून येऊन जेवताना लांबूनच म्हणायची, "तुमची मालिका संपली की मला हाक मारा."

त्या वर्षी कानफाटी तोंडात वाळकी पानं धरून एका उंच झाडावर चढताना दिसू लागली. "घरटं बांधतेय," धाकटा म्हणाला. "आता पिल्लं होतील. आई पिल्लाला तोंडात धरून नेते ना, तो फोटो मला पाहिजे. तेवढा एक मिळाला की बस."

त्यानंतर एका दिवशी तो कामावर गेला आणि परत आला नाही. लिफ्टच्या खड्ड्यात पडला. ताई त्या वेळी ड्युटीवर होती, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्याला आणायला दुसरी गाडी गेली. मी तेव्हा दाराशी भिंतीला टेकून होतो. माझ्या पायांना सकाळची माती तशीच होती.

माणसं आली, बसली, गेली. शेजारचे काका ताईला म्हणाले, "त्याच्या वस्तू नीट जपून ठेव हो. कुणाला हात लावू देऊ नकोस. तेवढीच आठवण." ताईने मान हलवली. तिने माझे पाय ओल्या फडक्याने पुसले, मला जुन्या चादरीत गुंडाळलं आणि त्याच्या खोलीतल्या कपाटात उभं केलं. शेजारी कॅमेरा ठेवला. दार लावलं. मित्रांनो, माझी इतकी चांगली काळजी त्याआधी कुणी घेतली नव्हती.

लाकडाच्या दारातून आवाज येतात, म्हणून पुढचं मला माहीत आहे. आई बोलेनाशी झाली. ताई विचारायची, "भात वाढू का?" उत्तर नाही. "औषध घेतलंस?" उत्तर नाही. ताई रडली नाही. ती स्वयंपाक करायची, भांडी घासायची, गणवेशाला इस्त्री करायची, ड्युटीवर जायची. गाडीत लोक ओरडत, तिच्या हातांवर कुणाकुणाचं रक्त लागे; घरी येऊन ती साबणाने हात धुवायची आणि पुन्हा भात लावायची. भेटायला येणारे म्हणत, "किती धीराची आहे हो!" तो धीर नव्हता. मी लाकूड आहे, मला लाकूड ओळखता येतं.

असे पुष्कळ दिवस गेले. मग एका सकाळी बाहेरून आईचा आवाज आला. न वापरल्यामुळे तो घोगरा झाला होता.

"कानफाटी व्याली का गं?"

ताईच्या हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. "काय?"

"खार. व्याली का ती? पिल्लं व्हायची होती तिला."

"मला काय माहीत, आई?"

"मग बघून ये."

कपाट उघडलं. ताईने मला चादरीतून बाहेर काढलं. तिचे हात धाकट्यासारखे नव्हते. तिने मला स्टिअरिंग धरल्यासारखं दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. बागेत नेऊन तिने मला पूर्ण उंचीवर उभं केलं आणि कॅमेरा उलटा बसवला. मग सुलटा बसवला. मग ती माझ्याशेजारी नुसतीच उभी राहिली. तिला खार दिसायची हौस नव्हती आणि न दिसल्याचं दुःखही नव्हतं. आईने सांगितलं होतं म्हणून ती आली होती.

पहिल्या दिवशीचा फोटो बघून आई म्हणाली, "ही खार आहे का झाडू?"

"शेपूट आहे ते."

"बाकीची खार कुठाय?"

"निघून गेली."

"तो खाली झोपायचा," आई म्हणाली. "तू उभी राहतेस म्हणून ती पळते. आडवी हो."

दुसऱ्या दिवसापासून ताई आडवी होऊ लागली. माझे पाय फाकवायला शिकली. तिची कंबर दुखायची, उठताना ती माझा आधार घेऊन उठायची. फोटो वाईटच यायचे. कधी नुसतं गवत, कधी झाडाचं खोड, कधी खारीचं अर्धं तोंड. पण संध्याकाळी आई चष्मा नाकावर ओढून बसायची आणि ताई खुर्चीशेजारी उकिडवी बसायची. दोघी फक्त खारीबद्दल बोलायच्या. दुसरा विषय कुणी काढत नसे. त्याचं नाव तर नाहीच. मग एकदा फोटोत घरट्याच्या काठाशी काहीतरी बारीक, बिनकेसाचं दिसलं. आईने पडदा डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "व्याली." एवढंच. पण त्या दिवशी तिने आपण होऊन भात मागून घेतला.

पुढे मोठं वादळ झालं. सकाळी पाहिलं तर घरट्याचं झाड मुळापासून कलून दुसऱ्या झाडावर रेललं होतं. झाडं कापणारे येऊन बघून गेले. ते धोक्याचं आहे, उद्या पाडणार, म्हणाले. ताईने आईला ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी मला घेऊन बाहेर आली आणि भिंतीजवळ आडवी झाली. पलीकडे माणसं दोर बांधत होती. करवतीचं यंत्र एकदा घुर्रकन चालू करून कुणीतरी बंद केलं.

तेवढ्यात कानफाटी झाडावरून उलटी, डोकं खाली करून सरसर उतरली. तिच्या तोंडात काहीतरी होतं. ती भिंतीवर चढली, धावत बागेत आली आणि कोपऱ्यातल्या जुन्या झाडाच्या ढोलीत शिरली. बाहेर आली तेव्हा तोंड रिकामं होतं. ती आल्या वाटेने परत गेली.

"पिल्लं हलवतेय," ताई स्वतःशीच म्हणाली.

तिने कॅमेरा भिंतीच्या रोखाने वळवला आणि माझा स्क्रू आवळला. तिचा श्वास संथ होता, हात स्थिर होते. कानफाटी पुन्हा आली. तिने पिल्लाला पोटाच्या कातडीने धरलं होतं आणि पिल्लाने हातपाय तिच्या मानेभोवती लपेटले होते, थंडीत मफलर गुंडाळतात तसे. डोळा, फाटका कान, पिल्लाची मिटलेली पापणी, सगळं पहिल्यांदाच चौकटीत नीट बसलं होतं. हाच तो फोटो. ताईचं बोट बटणावर टेकलं.

पण गाडी चालवणाऱ्या माणसाचं अर्धं लक्ष नेहमी आरशात असतं. ताईचा दुसरा डोळा उघडा होता. भिंतीच्या पायथ्याशी, गवतात चपटा होऊन, पिवळा बोका बसला होता. त्याची पाठ हलली.

ताईने बटण दाबलं नाही. तिने माझा एक पाय धरला आणि मला, कॅमेऱ्यासकट, जसा होतो तसा फेकला.

बोक्याने उडी मारली तेव्हा मी त्याच्या आणि भिंतीच्या मधे येऊन पडलो. कॅमेऱ्याची काच दगडावर फुटली. माझा पाय बिजागरीखाली कडकन मोडला. बोका किंचाळत काकांच्या अंगणात पळाला. कानफाटी क्षणभर भिंतीवर थिजली, मग पिल्लासकट ढोलीत गेली.

ताईने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती भिंत ओलांडून पलीकडे गेली. यंत्र पुन्हा सुरू झालं होतं.

"थांबवा," ती म्हणाली.

त्यांच्यातला म्होरक्या म्हणाला, "बाई, मागे व्हा. अंगावर येईल झाड."

"वर पिल्लं आहेत. आई नेतेय त्यांना."

"कसली पिल्लं?"

"खारीची."

तो हसला. "अहो, खारीसाठी थांबत बसलो तर आमचं काम कधी व्हायचं? आणि किती राहिलीत ते तरी माहितेय का तुम्हाला?"

"नाही."

"मग?"

"ती यायची थांबेल तेव्हा कळेल," ताई म्हणाली आणि झाडाच्या बुंध्याशी जाऊन उभी राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता, विनवणी नव्हती. अपघाताच्या जागी गर्दी मागे हटवताना ती याच आवाजात बोलत असणार. म्होरक्याने तिच्याकडे पाहिलं, मग यंत्र बंद करून गवतावर ठेवलं. "बसा रे जरा," तो बाकीच्यांना म्हणाला. "बाई हलत नाहीत."

कानफाटी आली. माणसं पाहून बिचकली, खोडाच्या मागून वर चढली, आणखी एक पिल्लू घेऊन गेली. मग बराच वेळ ती आली नाही. म्होरक्या उठून उभा राहिला. "झालं ना?"

"थांबा," ताई म्हणाली.

ती आलीच. रिकाम्या तोंडाने कललेल्या खोडावर चढली, घरट्यात डोकं घातलं, आत शिरली, बाहेर आली. काठावर बसून तिने सगळीकडे पाहिलं. पुन्हा एकदा आत डोकावली. मग काहीच न घेता खाली उतरली आणि गेली.

"आता झालं," ताई म्हणाली.

ती मला उचलून घरात आली तेव्हा मागे झाड पडल्याचा आवाज झाला. जमीन हलली. आईने खिडकीकडून मान वळवली.

"घोड्याचा पाय मोडला?"

"हो."

"कॅमेरा?"

"काच फुटली."

"फोटो?"

"नाही काढला."

आई गप्प झाली. मला वाटलं, आता ती पुन्हा कधी बोलणार नाही. पण ती म्हणाली, "मग सांग. तोंडाने सांग."

ताई खुर्चीशेजारी उकिडवी बसली. मोडका मी तिच्या मांडीवर आडवा होतो. आधी ती अपघाताची खबर द्यावी तसं सांगत होती. झाड कललं, यंत्र आलं, बोका बसला होता. मफलरसारख्या पिल्लाचं सांगितल्यावर आईने स्वतःच्या मानेला हात लावला. मग ताई म्हणाली, "सगळी नेऊन झाल्यावर ती परत आली, आई. घरटं रिकामं होतं. तिनेच रिकामं केलं होतं. तरी आत जाऊन बघून आली. दोनदा."

आई रस्त्याकडे पाहत राहिली.

"मी पण जाते," ती म्हणाली. "तू ड्युटीवर गेलीस की. भिंतीला धरून धरून. त्याच्या खोलीच्या दारातून बघते आणि येते."

"मला माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

"दार तू अर्धवट लावतेस. आणि मी पण बघते, आल्यावर."

कुणी रडलं नाही. आईने हात पुढे करून माझ्या मोडक्या पायावर ठेवला. तो हात हलका होता. मग तिने त्याचं नाव घेतलं. घरात ते नाव कितीतरी दिवसांनी उच्चारलं गेलं. ते घेऊन ती म्हणाली, "त्याने काढला असता का गं फोटो?"

ताईने विचार केला. "नाही. त्याने पण घोडाच फेकला असता. पण बोक्याला लागला असता. माझा नेम चुकला."

आईच्या तोंडातून एक आवाज निघाला. हसण्याचा असावा.

दुसऱ्या दिवशी ताईने ड्युटीवरून पट्ट्या आणि चिकटपट्टी आणली. माणसाचा मोडलेला पाय बांधतात तसाच, दोन्ही बाजूंनी आधार देऊन, तिने माझा पाय बांधला. मग धाकट्याच्या खोलीच्या खिडक्या उघडल्या. त्याची अवजारं त्याच्याबरोबर काम करणारे येऊन घेऊन गेले. त्याचा स्वेटर आई घालू लागली. तिला तो गुडघ्यापर्यंत यायचा. उन्हं बरी असली की ताई आईला पायऱ्यांवरून जवळजवळ उचलूनच बागेत आणायची आणि ढोलीसमोर खुर्ची टाकायची. कॅमेऱ्याला नवी काच बसवली. कानफाटीची पिल्लं मोठी झाली, फांद्यांवरून पडू लागली, भांडू लागली. ताईचे फोटो मात्र शेवटपर्यंत सुधारले नाहीत.

आता आई नाही. कानफाटीही कधी यायची बंद झाली ते कळलं नाही, खारींचं असंच असतं. आई गेल्यावर काका पुन्हा म्हणाले, वस्तू जपून ठेव. ताईने त्याच आठवड्यात आईचा चष्मा मोडून त्याच्या दांडीने माझा ढिला सांधा घट्ट केला. काकांनी कपाळाला हात लावला.

माझ्या बांधलेल्या पायाला कळ येत नाही. मी पूर्वीइतका सरळ उभा राहत नाही. ताई मला आजही बाहेर नेते, कधी कॅमेरा लावते, कधी नुसतीच माझ्यावर टेकून बसते.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला एवढंच सांगणं आहे. घरातलं माणूस गेलं की त्याच्या वस्तू पुसून, गुंडाळून, दार लावून ठेवू नका. लोक त्याला जपणं म्हणतात. तुम्ही म्हणू नका. त्या हातात घ्या, उन्हात न्या, चुकीच्या वापरा, वेळ आली तर फेकून मारा. मोडलेलं बांधता येतं. आणि त्या वस्तूंच्या शेजारी कुणी गप्प बसलं असेल, तर त्याला जेवलास का हे विचारून झाल्यावर दुसरंही काही विचारा. बागेतल्या खारीचं विचारलंत तरी चालेल.

कपाटात होतो तेव्हा माझा एकही पाय मोडलेला नव्हता. ते दिवस मात्र मला परत नकोत.